चारी गिअर मागं

मुक्काम कोल्हापूर,
कोजागिरी झाल्यावरचा मंगळवार

राजमान्य राजश्री सोमशेखर तम्मा यास थोरल्या अक्काचा आशीर्वाद.

राजमान्य आणि राजश्री तू आता सोसायटीचा चेअरमन झालास म्हणून लिहिलं. न्हायतर तुझं नाक मी माझ्या परकरानं पुसलंय, त्या नाकाला राजश्री लिहायचं म्हणजे हात अडतो. आपल्या अव्वाचा गुडघा कसा हाय? तिला म्हणावं, तेल गुडघ्याला चोळायचं असतं, नुसती बाटली उशाला ठेवून उतार पडत न्हाय. तुझ्या लेकीला, दानेश्वरीला, आशीर्वाद (तुझ्या बायकोला वेगळं लिहीत न्हाय, हे पत्र तुझ्या आधी तीच फोडंल). म्हैस व्याली का? मागच्या पत्रात तू म्हशीवर पान भरलंस आणि अव्वावर दीड ओळ लिहिलीस, हे माझ्या ध्यानात हाय. आम्ही इकडं ठीक. ठीक म्हणजे जेवतोय, झोपतोय आणि एकमेकाला बोलतोय.

तू विचारलंस, दाजींच्या गाडीचं दसऱ्याला काय झालं, गडहिंग्लजच्या स्टँडवर म्हणं माणसं सांगत हुती आणि हसत हुती. फोन कर म्हणालास. फोनला एसटीडीच्या खोक्यात जावं लागतं आणि माझ्या मागं नंबर लावून उभारलेली माणसं सगळं ऐकत असत्यात. दसऱ्यापास्नं तर मी नुसती आत शिरले तरी हसत्यात. म्हणून लिहायला बसले. माझं शिक्षण तुला ठाव हाय, मास्तरांशी भांडून चौथीतनं घरी आले ती आलेच. काना-मात्रा चुकला तर तुझ्या पदरचा घाल आणि पुढं वाच.

तर पहिल्यापास्नं सांगते. तुझे दाजी गच्चीवरची पाण्याची टाकी धुताना घसरले, खुब्यात दांडा बसवला, हे तू बघून गेलास. त्यानंतर डावा पाय जो ताठ झाला तो झालाच. डॉक्टर म्हणाले, चाला, फिरा, बाहेर पडा. हे बाहेर पडंनात. आयुष्यभर शिरोलीला लेथवर उभं राहिलेला माणूस, संध्याकाळी तालमीच्या कट्ट्यावर बसल्याबिगार ज्याला जेवण पचत न्हवतं, तो माझ्या कांडपाच्या दारात खुर्ची टाकून बसला. आता मिरची कांडायच्या यंत्राशेजारी माणूस बसला की शिंका येणार. शिंक आली की खुबा दुखणार. खुबा दुखला की माझ्यावर खेकसणार. तरी खुर्ची हलवणार न्हाईत. आणि गिऱ्हाईक आलं की त्याला शिकवणार, धनं जरा जास्त घाला, खोबरं नीट भाजलं न्हाय, ही मिरची संकेश्वरी न्हवं. अरे, बायका माझ्याकडं चटणी करायला येत्यात, परीक्षा द्यायला न्हाय. शालूबाई, आमच्या शेजारची, मला म्हणाली, वहिनी, तुमच्या मालकांना तेवढं आत बसवा, मी पुढच्या गल्लीत जाईन न्हायतर. म्हणजे माझ्या पोटावर पाय आला की न्हाय?

मी म्हटलं, रिक्षानं जावा कट्ट्यावर. न्हाय. रिक्षातनं उतरताना दोघांनी धरावं लागतं, ते तालमीच्या दारात नको. बरं, म्हटलं, अपंगांची स्कूटर मिळती, मागं दोन बारकी चाकं लावलेली, ती घ्या. त्यावर दोन दिवस बोलले न्हाईत (ते दोन दिवस बरे गेले). मग एकदा जेवताना म्हणाले, जाईन तर माझ्या गाडीवरनं जाईन, दसऱ्याचं सोनं द्यायला जाईन, न्हायतर ह्या घरातनं मला तिरडीवरनंच काढा. झालं. आणि तोंडानं बोललेला शब्द हा माणूस परत घेत न्हाय, तेवढा एक गुण सोडून बाकी सगळे गुण मी सोसते.

हे माझी गाडी म्हणत्यात ती म्हणजे जर्मन फटफटी. आमच्या मामंजींनी मिरजेच्या एका गोऱ्या डॉक्टरकडनं घेतलेली. तू ल्हान असताना तिच्या टाकीवर बसून मुतलावतास, तीच. तिची गंमत अशी की तिला साखळी न्हाय. सगळ्या फटफट्यांना मागच्या चाकाला साखळी असती, हिला इंजिनापास्नं चाकापतूर आतनं लोखंडाचा फिरता दांडा हाय, जीपला असतो तसा. त्याला हे शाफ्ट म्हणत्यात. लग्न झाल्यापास्नं मी त्या शाफ्टचं कौतुक ऐकतेय. साखळीला तेल घालावं लागतं, शाफ्टला न्हाय. साखळी तुटती, शाफ्ट तुटत न्हाय. एवढं कौतुक ह्यांनी माझं एकदा केलं असतं तर मी आणखी दोन भाकऱ्या बडवल्या असत्या. पण ताठ पायानं दोन चाकांची गाडी तोलता येत न्हाय. तवा ठरलं की तिला मागं दोन चाकं लावून तीनचाकी करायची. स्कूटर न्हवं, अपंगांची न्हवं, तर ट्राईक. परदेशात धडधाकट माणसं हौसेनं चालवत्यात म्हणं. नाव ट्राईक ठेवलं की पाय ताठ असला तरी चालतो, असं काहीतरी ह्यांच्या डोक्यात बसलं. मी म्हटलं, ट्राईक म्हणा न्हायतर अंबारी म्हणा, पण माझ्या दारातनं हला.

काम घेतलं पिराजीनं. हा ह्यांचा शिरोलीचा दोस्त, वेल्डिंगची शेड हाय त्याची. माणूस चांगला, हात चांगला, पण बोलायला लागला की वेल्डिंग गार हुतं आणि वेल्डिंग करायला लागला की चहा गार हुतो. त्यानं भंगारातनं जीपचा मागचा आस आणला, मधला दातऱ्या चाकांचा गड्डा, दोन्हीकडची चाकं, सगळं एकसंध. ह्यांचं म्हणणं असं की साखळीची गाडी असती तर लई खटपट, पण आपल्याकडं दांडाच हाय, तवा दांड्याला दांडा जोडायचा, जीपच्या आसाला वाटणार आपण अजून जीपलाच हाय. बरं दिसलं ते ऐकायला. आसाबरोबर जीपचं मागचं बाकडंपण आलं. ते बसवायचं कसं, तर आस मधी येतो म्हणून सरळ बसंना. मग फिरवून बसवलं, तोंड मागं. चालवणाऱ्याच्या पाठीला बसणाऱ्याची पाठ, टांग्यात मागं बसत्यात तसं. मी म्हटलं, असलं कोण बसणार हाय? पिराजी म्हणाला, वहिनी, असू दे की, फुकटचं हाय. गिअर डाव्या पायाचा हुता तो हाताला आणला, एक लोखंडी दांडा आणि त्याच्यावर जुन्या तिजोरीच्या दाराची पितळी मूठ. दिसायला ऐटबाज झाली, खोटं कशाला बोलू.

ह्या सगळ्यावर देखरेखीला गणपतराव. तालमीचे जुने कारभारी. कामाला हात न्हाय, पण सल्ला न मागता. रोज यायचे, आसाभोवती फेरी मारायचे, चाकाला लाथ मारून बघायचे आणि म्हणायचे, जोर हाय. पैलवान बघायची सवय, दुसरं काय.

आता चूक कुठं झाली ते ध्यान देऊन वाच, कारण ती चूक कोल्हापूरच्या माणसालाच जमावी. गाडी पुरी झाली ती नवरात्राच्या शेवटाला. दुसरा कोण असता तर आधी चालू करून बघितली असती. पण तुझे दाजी जुने लेथवाले. नवीन मशीन नारळ फोडल्याबिगार फिरवायचं न्हाय, हा ह्यांचा धर्म. खंडेनवमीला पूजा करायची, मग चालू करायची, आणि दुसऱ्या दिवशी दसऱ्याला थेट तालमीत. पिराजी म्हणाला, मल्लूअण्णा, शेडमधी एकदा फिरवून बघू या की. हे म्हणाले, काय बघायचंय, तू जोडलास न्हवं? ह्याला मान म्हणायचा का खुळेपणा, ते तू ठरव.

खंडेनवमीला पिराजीनं गाडी टेम्पोत घालून आणली आणि शेडमधली सगळी हत्यारंपण आमच्या दारात आणून मांडली, कारण मोठा कार्यक्रम. पाने, हातोडे, वेल्डिंगचा डबा, ह्यांचे जुने लेथचे टूल, माझं कांडप, सगळ्याला हळदकुंकू, झेंडूची माळ, ईभूत. प्रत्येक पान्यावर एक एक फूल मी माझ्या हातानं ठेवलं. गाडीच्या तिन्ही चाकांपुढं लिंबू. पुढं पूजेचं ताट, नारळ, उदबत्ती. गल्ली सगळी गोळा. ह्यांना दोघांनी उचलून सीटवर बसवलं (तेवढं चाललं, कारण गल्लीतलीच माणसं). गाडी चालू झाली, काय आवाज, शालूबाईच्या घरचं पोरगं झोपेतनं उठून रडायला लागलं. ह्यांनी पितळी मुठीनं पहिला गिअर टाकला, एका हातानं पुढं नमस्कार केला, क्लच सोडला आणि गाडी मागं गेली.

थेट मागं. मागं गणपतराव उभे हुते, जोर बघत. ते पैलवानकीच्या वेळचे चपळ म्हणून वाचले, त्यांचा चहा वाचला न्हाय. सगळे म्हणाले, गिअर चुकला. दुसरा टाकला. आणखी जोरात मागं. तिसरा, चौथा, जेवढा गिअर वरचा तेवढी गाडी उलटी पळायला लागली. चाकांपुढची तिन्ही लिंबं तशीच. मग पिराजी खाली वाकला, दांडा बघितला, आस बघितला आणि त्याचं तोंड उतरलं. जीपचा दांडा ज्या अंगाला फिरतो, त्याच्या उलट्या अंगाला ह्या जर्मनचा फिरतो. म्हणजे आसाला वाटलं, मालकानं रिव्हर्स टाकलाय. पुढं जायला एक गिअर न्हाय आणि मागं जायला चार. सगळ्या जगात अशी गाडी कुणाकडं नसंल बघ.

उपाय सोपा हुता, पिराजीच म्हणाला. आस काढायचा, उलथा करायचा, परत बसवायचा, की दिशा बदलली. दोघं तिघं लागले तर संध्याकाळपतूर काम. त्यानं पान्याला हात घातला आणि हे सीटवरनं ओरडले, पिऱ्या, ठेव तो पाना. खंडेनवमीला पुजलेल्या हत्याराला हात लावणारा माणूस माझ्या दारात नको. दसऱ्याचं सोनं लुटल्याबिगार पाना उचलायचा न्हाय. झालं का आता? सोनं लुटायला जायला गाडी पाहिजे, गाडी सरळ करायला पाना पाहिजे, आणि पाना उचलायला सोनं लुटलेलं पाहिजे. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाचा पाना आणते, न पुजलेला. गल्ली फिरले, तीन रस्ते मिळत्यात त्या तिकटीपतूर गेले. कोल्हापुरात खंडेनवमीला न पुजलेला पाना मागायला गेलेली मी पहिलीच बाई असंन. सायकलवाल्यानंपण पंपाला माळ घातलेली. शालूबाईकडं साधी पक्कड मागितली तर म्हणाली, वहिनी, तिच्यावर फूल हाय हो.

दसऱ्याला दुपारपास्नं हे फेटा बांधून, हातात आपट्याची पानं घेऊन त्याच खुर्चीवर. जेवले न्हाईत. उन्हं उतरली तसे गणपतराव चार माणसं घेऊन आले. म्हणाले, मल्लूअण्णा, चला, खुर्चीसकट उचलून नेतो, गणपती नेतो तसा. बोलले ते प्रेमानं, पण ह्यांचं तोंड असं झालं की मला बघवंना. म्हणाले, तुम्ही व्हा पुढं, मला यायचं न्हाय. ती माणसं गेली. हे पानं हातात घेऊन बसले. पाय दुखतोय तवा हा माणूस ओरडतो, पण त्या दिवशी ओरडंना. तम्मा, तुला सांगते, शिंका आणि खेकसणं मी वर्षभर सोसलं, पण ते गप बसणं मला सोसंना. मला वाटलं, ह्या वर्षी गेला न्हाय तर हा माणूस परत कधीच जाणार न्हाय, आणि ती खुर्ची तिथनं हलणार न्हाय.

मी म्हटलं, उठा. म्हणाले, कुठं? म्हटलं, तालमीत. गाडी चालती का न्हाय? चालती. मागं तर मागं. तिचं तोंड कुठं का असंना, तुम्हाला पोचायचं हाय न्हवं? म्हणाले, मला मागचं दिसत न्हाय. म्हटलं, मला दिसतंय की. गल्लीतल्या दोघांना बोलावून ह्यांना सीटवर बसवलं आणि मी जाऊन त्या उलट्या बाकड्यावर बसले.

(त्या गाडीवर मी कधी बसले न्हवते. डॉक्टरची गाडी, एकट्याची सीट, मागं जागाच न्हवती. लग्न झाल्यावर ज्योतिबाला हे गाडीवर आणि मी एसटीनं. हे आपलं सहज आठवलं म्हणून लिहिलं.)

तर तुझे दाजी घराकडं तोंड करून, मी रस्त्याकडं तोंड करून, पाठीला पाठ, आणि गाडी निघाली माझ्या तोंडाकडं. म्हणजे बघायला गेलं तर गाडी सरळच चालली हुती, तेच उलटे बसले हुते. पहिल्याच वळणावर मी ओरडले, डावीकडं! ह्यांनी त्यांच्या अकलेनं काय तरी वळवलं आणि आम्ही शालूबाईच्या वाळवणात. माझी डावी ती त्यांची उजवी, वर गाडी उलटी, कोण हिशोब घालणार? मग मी तोंड बंद केलं आणि कोपर चालू केलं. ज्या अंगाला वळायचं त्या अंगाला कोपर, थांबायचं तर डोक्यानं डोक्याला टक्कर. लगेच जमलं. चारचौघांत नवऱ्याला ढोसण्या द्यायची अशी सोय कुठल्या बाईला मिळती? मी काय थोड्या जास्तीच्यापण दिल्या.

रस्त्याला दसऱ्याची गर्दी. सगळी बाजूला सरून बघायला लागली. एक म्हणाला, पावणं, तोंड कुठं इसरलासा? दुसरा म्हणाला, मावशी, ड्रायव्हर बदला. पुढं वन-वेला हवालदार. आम्ही उलट्या बाजूनं शिरलो, पण गाडीचं तोंड बरोबर बाजूला. त्यानं आधी तोंड बघितलं, मग चाकं बघितली, मग माझ्याकडं बघितलं. म्हणाला, तुम्ही निघालाय का परत आलाय? मी म्हटलं, सोनं घ्या, सोन्यासारखं राहा, आणि आपट्याचं पान त्याच्या हातावर ठेवलं. त्यानं शिट्टी वाजवून पुढची गर्दी बाजूला केली.

तालमीच्या दारात पोचलो तवा सगळी माणसं सोनं द्यायला उभी. पण आम्ही आलो ते असे की ह्यांची पाठ तालमीकडं आणि माझं तोंड. आता तालमीच्या दारात बाईमाणसाला कोण सोनं देतंय? पण समोर मीच. गणपतराव आधी माझ्यापुढं आले, थबकले, बघितलं, आणि मग वाकून माझ्या हातावर पानं ठेवली. मग पिराजी. मग सगळ्यांनी तसंच, आधी मला, मग वळसा घालून पुढं ह्यांना. ह्यांना उतरावं लागलं न्हाय, कुणी धरावं लागलं न्हाय. गाडीवर बसूनच सगळ्यांना मिठ्या मारल्या. मला दिसत न्हवतं, पण पाठीला पाठ हुती, तवा पाठ हलत हुती ते कळत हुतं. हसत हुते का दुसरं काय, ते मी विचारलं न्हाय.

एवढंच झालं. गडहिंग्लजच्या स्टँडवर ह्याच्यापेक्षा जास्त सांगितलं असंल तर ते खोटं.

दसरा झाल्यावर पिराजीनं पाना उचलला, आस उलथा केला, आणि आता गाडी पुढं जाती, चारी गिअरनं, शहाण्यासारखी. हे सकाळी न्याहारी करून जात्यात ते जेवायला येत्यात, परत चारला जात्यात ते दिवे लागल्यावर येत्यात. खुर्ची मी आत टाकली. गिऱ्हाईक परत आलं, शालूबाईसुद्धा. घरात आवाज फक्त कांडपाचा. मला जे पाहिजे हुतं ते सगळं मिळालं. देवानं ऐकलं म्हणायचं आणि गप बसायचं. दमले मी आता, हात दुखायला लागला. एवढं मी लग्नात नाव घेताना बोलले न्हवते.

अव्वाला नमस्कार, पोराबाळांना गोड पापा, म्हशीला चारा.

तुझी अक्का,
चन्नम्मा

ता.क. येताना संकेश्वरी मिरची आण, पण बघून आण. मागच्या खेपेला तू आणलेली बघून आणली न्हवतीस.

ता.क. दुसरं. तू दिवाळीला येतो म्हणालास, ते नको, ह्याच आठवड्यात ये. पिराजी म्हणतोय की मागचं बाकडं काढून तिथं पत्र्याचा हौदा बसवू, म्हणजे शेडचं सामान आणता-न्यायला हुईल. ह्यांनी मला विचारलं, तुला काय ते लागतंय? मी म्हटलं, मला काय करायचंय, काढा. आता ते काढायला निघालेत.

तू आलास की सहज बोलल्यासारखं म्हण, दाजी, बाकडं राहू दे, अक्काला बाजारला जायला हुईल. मी सांगितलं म्हणू नको. आणि ते म्हणतील, ठेवायचं तर सरळ करून ठेवू, तोंड पुढं करून. तर म्हण, नको, हाय तसंच ऱ्हाऊ दे, उलटं. कारण विचारलं तर तुला सुचंल ते सांग, चेअरमन हायस तू.

हे पत्र कंडक्टरच्या हातात देते, पोस्टात टाकत न्हाय. पिराजी रविवारी पाना घेऊन येणार हाय.